हेवर्ड फॉल्ट 'हळूहळू सरकतो', म्हणून मोठा भूकंप होणार नाही: हे कितपत खरं?

लेक_एलिझाबेथ

कॅलिफोर्नियात फ्रीमॉन्टमध्ये आयर्विंग्टनच्या बाजूला एक घर बघतो आहोत. १९५८ चं बांधकाम, एकमजली, लाकडी फ्रेम, खाली क्रॉल स्पेस (रांगत जाता येईल एवढी पोकळी). विक्रेत्याने दिलेल्या नैसर्गिक धोक्यांच्या अहवालात 'अर्थक्वेक फॉल्ट झोन: होय' असं लिहिलंय. एजंटचं म्हणणं असं की हेवर्ड फॉल्ट (म्हणजे इथून जाणारी भूकंपाची भेग) वर्षाला ५ मिमी आपोआप सरकतो, ताण साठतच नाही, त्यामुळे हा झोन म्हणजे नुसती कागदोपत्री भीती. पण घरापासून थोड्या अंतरावर फूटपाथची कड चांगलीच तिरकी झालेली दिसते.

तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ५ मिमी क्रीप (हे हळूहळू सरकणं) धरला तर मोठ्या भूकंपाचा धोका नेमका किती कमी होतो? घर झोनमध्ये असणं आणि घर फॉल्टवर असणं यातला फरक कसा ओळखायचा? आणि हे सरकणं खोलवर चालू आहे की नुसतं वरवर, हे मोजतात कसं? 'घाबरू नका' किंवा 'टेक्ससला जा' छापाची उत्तरं नकोत, आकडे हवेत.

खडकफोड्या

एजंट अर्धंच सांगतोय. फॉल्ट सरकतो हे खरं, पण सगळा सरकत नाही आणि पुरेसा सरकत नाही.

भूशास्त्रीय पुराव्यांवरून हेवर्डचा दीर्घकालीन वेग वर्षाला साधारण ९ मिमी निघतो. जमिनीवर मोजलेला क्रीप बहुतेक ठिकाणी ४ ते ६ मिमी आहे. दक्षिण फ्रीमॉन्टमध्ये तो ९ पर्यंत गेलेला आहे. म्हणजे बहुतेक लांबीवर पृष्ठभागावरसुद्धा हिशेब पुरा होत नाही. आणि पृष्ठभागाचा आकडा हा फक्त पृष्ठभागाचा. वरच्या चार-पाच किलोमीटरमध्ये मातकट, सर्पेंटिनाइटसारखे निसरडे खडक असतात. त्यांच्यात सरकण्याचा वेग वाढला की घर्षणही वाढतं, त्यामुळे ते धक्का न देता सरकत राहतात. त्याखाली १०-१२ किमीपर्यंतच्या बऱ्याच भागात उलटं घडतं: एकदा वेग आला की घर्षण घटतं. तो भाग वर्षानुवर्षं अडकून राहतो आणि सुटतो तेव्हा एकदम सुटतो.

आता हिशेब करू. लांबी ७० किमी, भूकंपक्षम खोली १२ किमी, म्हणजे क्षेत्रफळ ८४० चौरस किमी. खडकाची दृढता ३० गिगापास्कल. या दोन्हींना वर्षाच्या ९ मिमीने गुणलं की दरवर्षी साठणारा सिस्मिक मोमेंट (भूकंपाच्या आकाराचं माप) मिळतो: २.३ गुणिले १० चा १७ वा घात, न्यूटन-मीटरमध्ये. शेवटचा मोठा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ चा. तेव्हापासूनची १५७ वर्षं धरली आणि क्रीप शून्य मानला, तर साठलेल्या मोमेंटमधून मॅग्निट्यूड ७.० चा भूकंप होतो.

क्रीपने ४० टक्के खाऊन टाकले असं धरा: ६.८५. ६० टक्के खाल्ले: ६.७५. अगदी ८० टक्के खाल्ले तरी ६.५. मॅग्निट्यूडची मोजपट्टी लॉगरिदमिक आहे, त्यामुळे मोमेंट निम्म्याहून कमी झाला तरी आकडा पाव अंकानेच घसरतो. ६.५ चा भूकंप थेट घराखाली होणं ही काही दिलाशाची गोष्ट नाही.

हीच वजाबाकी दुसऱ्या प्रकारेही मांडता येते. भूकंपाचा आकार तोच ठेवला तर दोन भूकंपांमधलं अंतर वाढतं. ४० टक्के क्रीपला ते १.६७ पट होतं. धोक्याचं प्रतिमान तयार करताना क्रीप फॉल्टच्या क्षेत्रफळातून वजा करायचा की वेगातून, यावर म्हणून बराच खल होतो. क्षेत्रफळातून वजा केला की भूकंप लहान होतात, वेगातून केला की विरळ होतात. दोन्हीकडून करू नका, तसं केलं तर एकच सूट दोनदा घेतल्यासारखं होतं.

अशीच चूक आणखी एका ठिकाणी होते. फ्रीमॉन्टमधल्या टाइसन्स लगूनमध्ये चर खणून गेल्या सुमारे १९०० वर्षांतले १२ मोठे भूकंप ओळखले आहेत. शेवटचे पाच अंदाजे १३१५, १४७०, १६३०, १७२५ आणि १८६८ चे. त्यांच्यातलं सरासरी अंतर १४० वर्षांच्या आत येतं. ही नोंद थरांतली आहे. जो काही क्रीप त्या काळात झाला, तो होऊनही हे भूकंप झालेले आहेत. म्हणून या सरासरीतून पुन्हा क्रीप वजा करायचा नसतो.

२०१४ ते २०४३ या तीस वर्षांत हेवर्ड आणि त्याला उत्तरेकडे जोडलेला रॉजर्स क्रीक फॉल्ट या जोडीवर ६.७ किंवा त्याहून मोठ्या भूकंपाची शक्यता ३३ टक्के काढली आहे. सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या फॉल्टमध्ये हा सगळ्यात मोठा आकडा. क्रीपचा विचार त्यात आधीच झालेला आहे, हे एजंटला सांगा.

आणि सरकणाऱ्या फॉल्टवर मोठे भूकंप होत नाहीत म्हणणाऱ्याला तैवानचा चिहशांग फॉल्ट दाखवा. तो वर्षाला २-३ सेंमी सरकतो, म्हणजे हेवर्डच्या कितीतरी पट. तरी १० डिसेंबर २००३ ला तिथे ६.८ चा भूकंप झाला.

चर_आणि_थर

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमच्या अहवालातला झोन १९७२ च्या अल्क्विस्ट-प्रिओलो कायद्याचा. १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपात जमीन फाटून घरं गेली, त्यानंतर तो आला. मोठ्या सक्रिय फॉल्टच्या दोन्ही बाजूंना साधारण ५०० फुटांचा पट्टा आखतात. म्हणजे झोनमधलं घर फॉल्टच्या रेषेवरही असू शकतं आणि ४०० फूट लांबही. 'होय' या एका शब्दावरून काहीच कळत नाही.

आधी कॅलिफोर्निया जिऑलॉजिकल सर्व्हेच्या 'ईक्यू झॅप' नकाशात पत्ता टाका आणि रेषा कुठून जाते ते बघा. रेषा अखंड काढलेली आहे, तुटक आहे की ठिपक्यांची आहे, याकडे लक्ष द्या. अखंड म्हणजे जागा नक्की माहीत आहे, तुटक म्हणजे अंदाजे, ठिपके म्हणजे वर भराव आहे आणि रेषा झाकलेली आहे. मग शहराच्या प्लॅनिंग खात्यात जाऊन शेजारपाजारच्या प्लॉटचे फॉल्ट तपासणी अहवाल मागा. झोनमध्ये नवं बांधकाम करायचं तर असा अहवाल लागतो, आणि ते सार्वजनिक असतात. शेजारच्या दोन प्लॉटवर रेषा सापडली असेल तर तुमच्या प्लॉटवरून ती कुठे जाते हे पट्टीने जोडून बऱ्यापैकी कळतं. बऱ्यापैकीच म्हणतोय, कारण हेवर्ड फॉल्ट म्हणजे एकच सरळ फट नव्हे. मध्ये पायऱ्या आहेत, फाटे आहेत.

तुमचं घर १९५८ चं, कायद्याच्या आधीचं. त्यामुळे त्याखाली कोणी चर खणलेला असण्याची शक्यता फार कमी. शिवाय चारपेक्षा कमी घरांच्या प्रकल्पातलं दुमजलीपर्यंतचं लाकडी घर आजही या तपासणीतून सुटतं. 'अहवाल नाही, म्हणजे फॉल्ट नाही' असा अर्थ काढू नका.

स्वतः चर खणवायचा विचार असेल तर थोडक्यात. चर रेषेला काटकोनात घ्यावा लागतो आणि घराच्या दोन्ही बाजूंना ५० फूट पुढे न्यावा लागतो, कारण सक्रिय फाट्यापासून नेहमी तेवढं अंतर सोडतात. ५ फुटांहून खोल गेलात की भिंतींना आधार द्यावा लागतो. फसतं कुठे? वरच्या थरात भराव असतो, नांगरलेली जुनी शेतजमीन असते, किंवा पाणी वर असतं. थर वेगवेगळे ओळखू आले नाहीत तर फॉल्ट असूनही दिसत नाही. कार्बन-१४ साठी कोळशाचे कण मिळाले तरी ते जुने असून नंतर वाहत आलेले असू शकतात, त्यामुळे थराचं वय खऱ्याहून जास्त निघतं. राहत्या वस्तीत दोन घरांच्या मध्ये एवढी जागाही बहुधा नसते. खरेदीआधी एवढं करायला विक्रेता तयार होत नाही. निदान जुने अहवाल तरी वाचा.

फूटपाथच्या कडेबद्दल: प्रत्येक वाकडी कड म्हणजे क्रीप नव्हे. झाडाच्या मुळांनी कड वर उचलली जाते. इथली काळी चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्या भेगा ऋतूप्रमाणे उघडतात-मिटतात. टेकडीच्या उतारावर दरड सरकत असेल तर भेगा उताराच्या दिशेने जातात. खऱ्या क्रीपची खूण अशी: रस्त्याच्या पलीकडची बाजू उजवीकडे गेलेली असते, दोन्ही कडांवर तोच प्रकार दिसतो, आणि डांबरावर तिरक्या छोट्या भेगांची ओळ असते, जिच्यातली प्रत्येक पुढची भेग आधीच्या भेगेच्या डावीकडे सुरू होते. मग ही खूण पुढच्या समांतर रस्त्यावरही शोधा. तीन रस्त्यांवरच्या खुणा एका रेषेत आल्या की शंका उरत नाही.

जुना_थिओडोलाइट

मोजमापाबद्दल मी लिहितो, कारण सगळा वाद शेवटी 'खोलवर किती' इथे येऊन ठेपतो आणि तेच मोजणं सगळ्यात अवघड.

पृष्ठभागावरचं सोपं. फॉल्टच्या एका बाजूला थिओडोलाइट (कोन मोजायचं उपकरण), पलीकडे एक खूण, आणि दिशा पक्की करायला तिसरी खूण. तिन्ही बिंदू पक्क्या खिळ्यांनी रोवलेले, फॉल्टच्या दोन्ही बाजूंना मिळून साधारण १०० ते २०० मीटर. दरवर्षी तोच कोन मोजायचा. सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीने १९७९ पासून बे एरियातल्या फॉल्टवर हे चालवलंय. एका मोजणीत १.५ मिमीची चूक धरली तर वर्षभराच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजण्यांतून ५ ± २ असा वेग निघतो, म्हणजे जवळपास निरुपयोगी. तेच दहा वर्षांनी ५ ± ०.२. घाई केली की आकडा भरवशाचा राहत नाही.

आणि दहा वर्षंही कधी कधी फसवतात. १९८९ च्या लोमा प्रिएटा भूकंपानंतर दक्षिण फ्रीमॉन्टमधला क्रीप जवळपास थांबला आणि १९९६ मध्ये पुन्हा सुरू झाला. शेजारच्या सॅन अँड्रियासवरच्या भूकंपाने इथला ताण थोडा उतरवला होता, एवढंच कारण. फक्त त्या मधल्या वर्षांच्या मोजण्या हाती असत्या तर 'इथे फॉल्ट पूर्ण अडकलाय' असा उलटा निष्कर्ष निघाला असता.

खोलीसाठी जीपीएस वापरतात. फॉल्ट पृष्ठभागापासून १२ किमीपर्यंत पूर्ण अडकलेला असेल तर जमिनीचा वेग रेषेपाशी एकदम बदलत नाही, हळूहळू बदलतो: दोन्ही बाजूंना १२-१२ किमीवर ठेवलेल्या स्टेशनांत एकूण वेगाचा फक्त अर्धा फरक दिसतो, ९ पैकी ४.५ मिमी. वरवर क्रीप असेल तर या आलेखात बरोबर रेषेवर एक पायरी येते. पायरीची उंची म्हणजे क्रीप, बाजूच्या उताराचा विस्तार म्हणजे अडकलेल्या भागाची खोली. कागदावर हे सुटसुटीत दिसतं. प्रत्यक्षात पश्चिमेला सॅन अँड्रियास आणि पूर्वेला कॅलावेरस आहे, तिघांचे उतार एकमेकांत मिसळतात, आणि ८ किमी खाली ५ किमीचा एखादा अडकलेला तुकडा वरून धूसरच दिसतो. त्यामुळे अडकलेल्या तुकड्यांचे नकाशे प्रत्येक गट थोडे वेगळे काढतो. ठळक तुकडे जुळतात, कडा जुळत नाहीत.

उपग्रहाच्या रडारने म्हणजे इन्सारने बिंदू खूप मिळतात, पण फ्रीमॉन्टमध्ये एक खास अडचण आहे. हेवर्ड फॉल्ट इथल्या भूजलाला बांधासारखा अडवतो. नाइल्स कोन या इथल्या जलधरात (भूजल साठवणाऱ्या थरात) दोन्ही बाजूंची पाण्याची पातळी वेगळी असते. पाणी चढलं-उतरलं की एकाच बाजूची जमीन वर-खाली होते आणि पायरी बरोबर फॉल्टवरच दिसते. एकाच दिशेच्या कक्षेचा डेटा घेतला तर ही उभी हालचाल क्रीप म्हणून मोजली जाते. चढती आणि उतरती अशा दोन्ही कक्षा घेऊन आडवी आणि उभी हालचाल वेगळी करावी लागते. त्यातही रडारला उत्तर-दक्षिण हालचाल फार कमी जाणवते आणि हा फॉल्ट वायव्य-आग्नेय जात असल्याने त्याच्या हालचालीचा मोठा भाग त्याच दिशेचा असतो. म्हणून जीपीएसचा आधार सोडता येत नाही.

खोलीवर थेट नजर देणारी एकच गोष्ट आहे: एकाच जागी पुन्हा पुन्हा होणारे बारीक भूकंप, ज्यांचे सिस्मोग्राम जवळपास हुबेहूब असतात. भोवतालचा भाग सरकत असतो आणि मधला छोटा कठीण ठिपका ठरावीक काळाने तुटतो. त्यांच्या आकारावरून आणि पुनरावृत्तीवरून तिथला क्रीप काढता येतो. ते जिथे आहेत तिथे फॉल्ट सरकतोय हे नक्की. जिथे नाहीत तिथे तो अडकलाय की शांतपणे सरकतोय, हे मात्र त्यावरून ठरत नाही.

कऱ्हाडचा

जरा आडवा प्रश्न. कोयनेला सतत छोटे धक्के बसतात, आणि 'त्यामुळे ताण मोकळा होतो' हे आम्ही लहानपणापासून ऐकतो. तेही असंच का?

खडकफोड्या

कोयना हे क्रीपचं उदाहरण नाही, तिथे जलाशयाच्या पाण्याशी जोडलेले भूकंप होतात. पण गणित तेच लागू पडतं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप ६.३ चा. मॅग्निट्यूड एका अंकाने वाढलं की मोमेंट सुमारे ३२ पट होतो. ६.३ एवढा मोमेंट मोकळा करायला ४.० चे सुमारे २८०० भूकंप लागतील, ३.० चे जवळपास ९० हजार. छोट्या धक्क्यांनी हिशेब मिटत नाही. कुठल्या भागात तुटतंय, हे मात्र ते चांगलं दाखवतात.

लेक_एलिझाबेथ

खूप उपयोग झाला. नकाशात रेषा प्लॉटच्या पूर्व कोपऱ्याजवळून तुटक जाते. फूटपाथवर ठेकेदाराचा १९६१ चा शिक्का आहे. कडेची सरक ६ मीटर लांबीत मोजली तर १९ सेंमी भरली. ६४ वर्षांत ५ मिमीने ३२ सेंमी यायला हवी होती ना? मग इथे क्रीप कमी आहे का?

जुना_थिओडोलाइट

६ मीटर पुरत नाहीत. क्रीपचा पट्टा कधी दोन-तीन मीटरचा असतो, कधी पंधरा-वीसचा. तुम्ही फक्त मधला तीव्र बाक मोजलात. बाकाच्या दोन्ही बाजूंना ३०-३० मीटर सरळ कडेवर दोरी ताणा, दोन्ही सरळ रेषा मध्यापर्यंत वाढवा आणि तिथे त्यांच्यातलं अंतर घ्या. शिवाय १९८९ नंतरच्या थांब्याची सहाएक वर्षं त्यात आहेत. आणि मधला एखादा तुकडा नंतर बदललाय का, तेही बघा. काँक्रीटचा रंग आणि खडी वेगळी दिसते. हेवर्ड शहरात रोझ आणि प्रॉस्पेक्ट रस्त्यांच्या कोपऱ्यावरची प्रसिद्ध वाकडी कड २०१६ मध्ये पालिकेने रॅम्पसाठी काढून टाकली, अन् वर्षानुवर्षं तिचे फोटो घेणारे भूशास्त्रज्ञ बघत राहिले.

बोल्ट_आणि_प्लाय

मुद्दा आता घरावर आलाय, तर दोन धोके वेगळे ठेवा. क्रीप हा अरुंद पट्ट्यातला, हळू आणि खात्रीचा. हादरा हा सगळ्या वस्तीचा आणि अचानक. एकाचा उपाय दुसऱ्याला चालत नाही.

क्रीपसाठी: ५ मिमी गुणिले ३० वर्षांचं कर्ज, म्हणजे १५ सेंमी. रेषा पायाखालून जात असेल तर कितीही लोखंड घाला, पाया तुटणार किंवा फिरणार. बर्कलीच्या मेमोरियल स्टेडियमखालून हा फॉल्ट जातो. तिथे रेषेवरचा भाग बाकी इमारतीपासून वेगळा करून स्वतंत्र हलू देण्याचा मार्ग घेतला. घराला ते परवडणारं नाही. घराच्या बाबतीत रेषा टाळणं हाच खरा उपाय. ती कोपऱ्याजवळून जात असेल तर पाणी, गॅस आणि सीवरच्या लाइन ती ओलांडतात का ते आधी बघा. ओलांडत असतील तर लवचिक जोड लावून घ्या. जुन्या मातीच्या सीवर पाइपचे सांधे सगळ्यात आधी सुटतात आणि वर काहीच दिसत नाही. खरेदीच्या अटींत कॅमेरा तपासणी घाला.

हादऱ्यासाठी १९५८ चं क्रॉल स्पेसवालं घर म्हणजे ठरलेला रोग. लाकडी सिल (भिंतीच्या तळाची आडवी फळी) काँक्रीटला बोल्टने बांधलेली नसते किंवा फार विरळ बांधलेली असते, आणि जमीन ते फरशी यांच्यामधल्या बुटक्या भिंतीला फक्त बाहेरचा प्लास्टर असतो. घर तिथून घसरून पडतं. अर्ध्या किंवा ५/८ इंची बोल्ट, दोन बोल्टमध्ये ६ फुटांहून जास्त अंतर नको, वर ३ इंच चौरस आणि पाव इंच जाडीचे वॉशर. बुटक्या भिंतीला आतून १५/३२ इंची स्ट्रक्चरल प्लाय, कडेने सगळीकडे खिळे, आणि हवेची भोकं बुजवायची नाहीत, नाहीतर लाकूड कुजतं. काम करणाऱ्याने खिळे इतके आत ठोकले की वरचा थर फुटला, तर त्या प्लायची निम्मी ताकद गेलीच समजा. नेलगनचं प्रेशर तपासायला सांगा. आणि आधी जुनं काँक्रीट बघा. स्क्रूड्रायव्हरने टोकरल्यावर भुगा पडत असेल तर बोल्ट धरणार नाहीत, पाया बदलावा लागेल.

वॉटर हीटरला दोन पट्टे, एक वरच्या तिसऱ्या भागात आणि एक खालच्या तिसऱ्या भागात. विटांची चिमणी असेल तर छतापासून वरचा भाग उतरवून टाका. १९८० पूर्वीच्या अशा घरांना 'ब्रेस अँड बोल्ट' योजनेत ३००० डॉलरपर्यंत मदत मिळते. नोंदणी ठरावीक काळातच उघडते आणि पिन कोडवर अवलंबून असते.

विम्याबद्दल: नेहमीच्या होम इन्शुरन्समध्ये भूकंप नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. कॅलिफोर्निया अर्थक्वेक ऑथॉरिटीच्या पॉलिसीत डिडक्टिबल ५ ते २५ टक्के. घराचं कव्हर ६ लाख डॉलर आणि डिडक्टिबल १५ टक्के असेल तर पहिले ९० हजार तुमचे. क्रीपने हळूहळू पडलेल्या भेगा भूकंपाचं नुकसान धरत नाहीत, म्हणून खरेदीच्या वेळीच पायाचे तारखेसकट फोटो काढून ठेवा.

चर_आणि_थर

वरच्यात एक भर. काही फॉल्टवर, विशेषतः क्रीप असलेल्यांवर, भूकंपानंतरही सरकणं थांबत नाही. २४ ऑगस्ट २०१४ च्या दक्षिण नापा भूकंपात मॅग्निट्यूड ६.० होतं, पण ब्राउन्स व्हॅलीतल्या घरांखालची जमीन नंतरचे कित्येक महिने सरकत राहिली आणि काही पाये पहिल्या दिवशी ठीक असून नंतर फाटले. सुरुवातीला वेगाने, मग मंद, असा तो आलेख असतो. हेवर्डवर तसं झालं तर रेषेजवळचा पाया लगेच दुरुस्त करू नका. भेगेच्या दोन्ही बाजूंना खिळे ठोकून दर आठवड्याला अंतर मोजा, आणि आलेख सपाट व्हायला लागला की मगच काँक्रीट ओता.